सगळ्यांना बरं वाटावं म्हणून

रंगारी मॅडम खुर्चीत पाठ टेकून बसल्या आहेत, असं दृश्य डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला तरी येत नाही. स्टाफरूममध्ये त्या यायच्या, खुर्चीच्या कडेला टेकायच्या. पर्स खांद्याला तशीच, स्कूटीची किल्ली बोटाभोवती गरगर फिरत असलेली, आणि एक पाय शिवणयंत्र चालवल्यासारखा हलत असलेला. डबा उघडायच्या तोही खिडकीशी उभ्यानं. कोणी म्हणालं, "बसा ना मॅडम जरा," तर म्हणायच्या, "बसते. पण माझ्या बसण्यानं कोणाला बरं वाटेल, सांगा." आणि खरोखरच उत्तराची वाट पाहायच्या. अडचण तीच होती. त्यांचे प्रश्न थट्टेचे वाटत, पण थट्टेचे नसत.

विशाखा रंगारी आमच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायच्या, मी मराठी. तत्त्वज्ञानाला मुलं थोडी यायची, त्यातलीही बरीचशी दुसरा विषय मिळाला नाही म्हणून आलेली. त्यांना नीतिशास्त्राच्या पेपरात उपयुक्ततावाद नावाचं एक प्रकरण होतं. कुठलं काम चांगलं? ज्यातून जास्तीत जास्त माणसांना जास्तीत जास्त सुख मिळतं आणि कमीत कमी दुःख होतं, ते. करणाऱ्याचा हेतू, त्याचं घराणं, त्याचा देवधर्म बाजूला ठेवायचा आणि परिणाम पाहायचा. मुलं ते पाठ करत, परीक्षेत लिहीत आणि विसरून जात. मॅडमना मात्र ते विसरता आलं नाही.

त्यांच्या आजोबांनी नागपुरातच धम्मदीक्षा घेतलेली. घरात लहानपणापासून बोलणं एकच, की शिकायचं ते चार लोकांचं भलं व्हावं म्हणून. पण चार लोक म्हणजे नेमके कोण, आणि त्या चारांचं भलं करताना पाचव्याचं काय, हे घरात कोणी विचारत नसे. मॅडम विचारू लागल्या आणि त्या दिवसापासून, त्यांच्या आईच्या शब्दांत, "माही पोरगी वाफेवर ठेवल्यासारखी झाली."

मे महिन्यात नागपुरात सिग्नलवर हिरव्या जाळ्या बांधतात, गाडीवाल्यांना तेवढीच सावली. मॅडम त्या सावलीत कधी थांबायच्या नाहीत. जाळीच्या पुढे, रणरणत्या उन्हात स्कूटी लावायच्या आणि मागे वळून कुणा म्हाताऱ्याला ओरडायच्या, "काका, सावलीत घ्या ना गाडी! जागा आहे!" मी मागे बसलेली असायची. माझ्याही डोक्यावर ऊनच. एकदा मी म्हटलं, "मॅडम, तुमच्या हिशेबात मी येते की नाही?" त्या वळून माझ्याकडे पाहत राहिल्या, सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवू लागले, तरी पाहत राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून मागे बसणाऱ्यासाठी त्या एक छत्री ठेवू लागल्या.

वर्गात पहिल्या तासाला त्या हजेरी घेत नसत. विचारत, "काल तुमच्या हातून असं काय झालं, की ज्यानं कोणाला बरं वाटलं?" बहुतेक मुलं खाली पाहत. एकदा पल्लवी नावाची मुलगी उठली. खेड्यातून बसनं यायची.

"मॅडम, मी काल कॉलेजला आली नाही."

वर्ग हसला.

"हसू नका. मग?"

"वहिनीची तब्येत बरोबर नव्हती. घरचं सगळं मी केलं. वहिनी दिवसभर झोपून राहिली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा."

मॅडमनी हजेरीपट काढला आणि कालच्या तारखेला पल्लवीला हजर लावलं. ही बातमी प्राचार्यांपर्यंत जायला वेळ लागला नाही. त्यांनी बोलावून घेतलं. मी त्या वेळी सहीसाठी तिथंच उभी होते.

"मॅडम, हे काय आहे?"

"सर, ती मुलगी काल नीतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला होती."

"नीतिशास्त्राला प्रॅक्टिकल नसतं."

"तीच तर चूक आहे, सर."

प्राचार्य भला माणूस. त्यांनी कपाळाला हात लावला आणि विषय सोडला. पण आठवडाभरात अर्ध्या वर्गाच्या वहिन्या आजारी पडल्या. ज्याला भाऊ नाही त्याचीसुद्धा वहिनी तापानं फणफणलेली. मॅडम आधी पोट धरून हसल्या. मग एकदम किल्ली फिरायला लागली. "बोंडे मॅडम," त्या मला म्हणाल्या, "त्या एका घराचं पाहिलं तर मी बरोबर होती. पण पुढं सवय लागंल हे मी धरलंच नाही. तोही परिणामच झाला ना?" त्यांनी वर्गात जाऊन सांगितलं, माझं चुकलं, यापुढे असं होणार नाही. पल्लवीची हजेरी मात्र तशीच ठेवली. "तिची वहिनी झोपली ते काही खोटं होत नाही," म्हणाल्या.

त्यांच्या विभागाचे जुने प्रमुख होते देशकर सर. मॅडम त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. निवृत्तीनंतर सरांची स्मरणशक्ती विरत गेली. आपण निवृत्त झालो हेच ते विसरले, आणि दर गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून, रिक्षा करून कॉलेजच्या फाटकाशी येऊ लागले. चौकीदार समजावून परत पाठवायचा. एकदा मॅडमनी ते पाहिलं. सरांचा हात धरून त्यांना वर्गात नेलं, म्हणाल्या, "सर, मुलं वाट पाहून राहिली." सरांनी तासभर शिकवलं. पुढच्या गुरुवारी तेच शिकवलं. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच, त्याच ठिकाणी थांबून, त्याच ठिकाणी हसून.

काही आठवड्यांनी अनिकेत नावाचा मुलगा उभा राहिला. "मॅडम, तुम्हीच शिकवलं. एका माणसाला बरं वाटावं म्हणून आम्ही सगळ्यांनी कंटाळायचं? तुमचं गणित चुकते."

दुसरं कोणी असतं तर रागावलं असतं. मॅडम धावत स्टाफरूममध्ये आल्या, चेहरा असा, जणू पोराला मेडल मिळालं. "त्यानं मला बरोबर पकडलं! काय पकडलं, बाप्पा!" आणि त्या दिवसापासून त्यांना चैन नाही. सरांना थांबवलं तर सर मोडतील. मुलांना बसवलं तर मुलांचा तास जातो. शेवटी त्यांनी सरांचा तास कॉलेज सुटल्यानंतरचा केला. ज्याला बसायचं त्यानं बसावं. पहिल्या गुरुवारी काही मुलं थांबली, नंतर एखाद-दुसरं, नंतर कोणी नाही. मॅडम मात्र पहिल्या बाकावर वही उघडून बसायच्या. एकदा व्हरांड्यातून जाताना मला सरांचा आवाज ऐकू आला, "रंगारी, पाय हलवू नकोस. लक्ष कुठाय तुझं?" आणि मॅडमचा पाय थांबला. सरांना त्यांच्या मुलानं पुण्याला नेलं तोवर हे गुरुवार चालू होते.

पण हे सगळं कॉलेजातलं. आता गल्लीचं सांगते, कारण त्या गल्लीत त्यांच्यावर जे आलं त्यातून त्या सुटल्या, असं मला आजही म्हणता येत नाही.

आम्ही दोघी नागपूरच्या कडेला, बेसाला एकाच गल्लीत राहायचो. मॅडमचं घर गल्लीच्या तोंडाशी, आईसोबत. माझं मधे. आमच्या दोन्ही घरांनी प्लॉट घेतले तेव्हा मॅडम शाळेत होत्या आणि पलीकडे तुरीची शेतं होती. मग बघता बघता चहूकडे घरं उठली. गल्ली मात्र आखतानाच अरुंद आखलेली. आणि तिच्या तोंडाशी, मॅडमच्या घरासमोर, लांजेवार काकांचं कडुनिंबाचं झाड.

लांजेवार काका एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. झाड लावलं त्यांच्या बायकोनं, घराचा पाया खोदला त्याच वर्षी. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. झाड दुमजली घराच्या वर गेलं होतं. दुपारी गल्लीतल्या सगळ्या बाया त्याच्याखाली बसायच्या. मॅडमची आई तर तांदूळ निवडायला, मेथी खुडायला, नुसतं बसायलाही तिथंच. काका रोज सकाळी बुंध्याभोवती पाणी टाकायचे. एवढ्या मोठ्या निंबाला काय पाणी लागतं? पण टाकायचे.

उन्हाळ्यात बेसाला पाण्याचा टँकर येई. तो आमच्या गल्लीत वळत नसे. एका बाजूला मॅडमचं कंपाऊंड, दुसऱ्या बाजूला निंब. टँकर तोंडाशी थांबायचा आणि बाया, म्हातारी माणसं बादल्या, ड्रम, पाईप घेऊन धावायची. भांडणं व्हायची. त्याहून वाईट म्हणजे शेवटच्या घरातल्या आजोबांना छातीत दुखू लागलं तेव्हा अँब्युलन्स आत येईना. त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून गल्लीभर उचलून न्यावं लागलं. ते वाचले, पण ती खुर्ची सगळ्यांनी पाहिली होती.

मॅडमनी आधी स्वतःचं कंपाऊंड पाडलं. कोणी सांगितलं नव्हतं. एका रविवारी मजूर आणले आणि भिंत, फाटक, आईची तुळस, जास्वंद, सगळं मागे सरकवलं. तरी टँकर वळेना. मागच्या मोकळ्या प्लॉटमधून वाट मिळते का पाहिलं, मालकानं नाही म्हटलं. फांद्या छाटून पाहिल्या. अडचण बुंध्याची होती. मग मॅडम बेचैन झाल्या. रोज सकाळी दारात उभं राहून झाडाकडे बघत राहायच्या.

"तू त्याच्या घरी जाऊन बोल," आई म्हणाली. मी तेव्हा तिथंच होते. "एकटी जाय. च्या पी. मंग बोल."

"एकटीनं गेलं तर भीड घातल्यासारखं होते, आई. सगळ्यांसमोर बोललं म्हणजे त्याइले बी बोलता येते."

"सगळ्यायसमोर तो काय बोलंन वं?"

मॅडमनी सभा बोलावली. रविवारी सकाळी गल्लीतल्या सगळ्यांनी जमायचं. ऊन चढलं होतं, बसायला दुसरी सावली नव्हती, म्हणून सतरंज्या निंबाखालीच टाकल्या. काका त्यांच्या लोखंडी खुर्चीवर बसले. मॅडम उभ्या. त्या इतकं चांगलं बोलल्या की काय सांगू. झाडाची सावली किती जणांना मिळते, कुठल्या वेळी; पाण्यावाचून कोणाचे हाल होतात; कुणाच्या घरात म्हातारं आहे, कुणाच्या घरात गरोदर बाई. काकूंचं नावही त्यांनी आदरानं घेतलं. म्हणाल्या, "काका, तुमचं दुःख मी लहान समजत नाही. पण ते एका बाजूला ठेवलं आणि दुसऱ्या बाजूला हे सगळं ठेवलं, तर सांगा, काय करायचं?"

काका वर फांद्यांकडे पाहू लागले.

"ज्यांना झाड काढावं असं वाटतं त्यांनी हात वर करा."

हात वर गेले. माझाही. मॅडमच्या आईचा नाही. ती उठून घरात गेली होती. काकांनी सगळ्यांच्या हातांकडे पाहिलं, मग स्वतःचा हातही वर केला. म्हणाले, "मी काहून अडून राहू?"

परवानगी रीतसर काढली. झाड पडायला पूर्ण दिवस लागला. त्या दिवशी काका घरातच होते. मॅडम शेवटपर्यंत उन्हात उभ्या होत्या. माणसांना पाणी देत होत्या, आणि कुऱ्हाड पडली की दर वेळी त्यांचे खांदे वर व्हायचे. चार दिवसांनी टँकर गल्लीत वळला, थेट शेवटच्या घरापर्यंत गेला. बाया हसत होत्या. कोणीतरी मॅडमच्या हातावर साखर ठेवली.

त्या माझ्याकडे आल्या. साखर तशीच मुठीत. "सगळ्यांले बरं वाटून राहिलं, बोंडे मॅडम. मंग मले काहून नाही वाटत?"

काकांनी बाहेर बसणं सोडलं. लोखंडी खुर्ची आत गेली. मॅडम रोज दार वाजवायच्या. कधी भाजी घेऊन, कधी नुसत्याच. काका दार उघडायचे, भाजी घ्यायचे, "बरं आहे मॅडम," म्हणायचे. आधी ते त्यांना विशाखा म्हणायचे. त्यांच्यासमोर वाढलेली पोरगी होती ती.

त्याच उन्हाळ्यात ते झालं. गल्लीच्या शेवटच्या घरात दीपाली राहायची, त्या आजोबांची नातसून. दिवस भरायला अवकाश होता आणि एका दुपारी अचानक रक्तस्राव सुरू झाला. नवरा कामावर. मॅडमनीच फोन केला. अँब्युलन्स वळली, थेट दाराशी आली, आणि दीपालीला झोपलेल्या अवस्थेतच आत घेता आलं. मुलगी झाली. मूठभर जीव, कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होता, पण जगला. दीपालीही जगली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या.

हे ऐकलं आणि मॅडम हॉस्पिटलमधून तशाच निघाल्या. मी मागे बसले होते. स्कूटी त्यांनी काकांच्या दाराशी थांबवली, स्टँडही नीट लावलं नाही.

"काका, वाचल्या! दोघी वाचल्या! डॉक्टर म्हणाले, गाडी दाराशी आली म्हणून. काका, ते झाड असतं तर..."

काका दाराला धरून उभे होते. "चांगलं झालं," ते म्हणाले. "लेकरू जगलं, लय चांगलं झालं."

मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. अजून काहीतरी हवं होतं त्यांना.

"मले काहून सांगून राहिली असं?" काका म्हणाले. "मी त्या लेकरावर रागावलो होतो का? मी झाडासाठी बी नाही रागावलो. झाड तोडायचंच होतं. मलेही दिसत होतं ना, मी काय आंधळा आहो? तू एक डाव आली असती, 'काका, कसं करू' म्हटलं असतं, तं मीच कुऱ्हाड आणून देल्ली असती. तू सगळ्यायले हात वर करायले लावले. माह्यासमोर. तिच्याच सावलीत बसून."

आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. हळूच लावलं.

त्यानंतरचं वर्षभर मी मॅडमना पाहत होते. माणूस खचला की बसतो. या बसल्या नाहीत, उलट अधिकच फिरू लागल्या. रविवारी वाडीला जायच्या. तिथं ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागच्या भाड्याच्या खोल्यांत हमालांच्या, ड्रायव्हरांच्या मुली राहतात, त्यांना इंग्रजी शिकवायच्या. आधी सकाळीच जायच्या, मग दिवसभर राहू लागल्या. आणि मधेच कधीही माझ्या दारात उभ्या. "मी चुकली का, बोंडे मॅडम?"

"नाही."

"पुन्हा वेळ आली तर मी तेच करीन ना?"

"झाडाचं? कराल."

"मग हे काय आहे आतमध्ये? चूक नाही तर याला नाव काय?" मी काय सांगणार? मी कविता शिकवणारी बाई. त्या स्वतःच पुढं बोलत. "मी बेरीज केली. एवढ्यांचं सुख, त्यातून काकांचं दुःख वजा. उत्तर बरोबर आलं. पण ते वजा झालेलं दुःख गेलं कुठं? ते काही पुसलं गेलं नाही. ते तिथंच आहे, त्या दारामागं बसून. रोज मी त्याच्यासमोरून गाडी काढते."

आई म्हणायची, "पोरी, जेव आधी." त्या ताटावरून उठून पुन्हा आत-बाहेर करायच्या.

दीपालीच्या मुलीचं बारसं झालं. साऱ्या गल्लीला बोलावणं होतं. मीही गेले, पाळण्यात नाव ठेवलं स्वरा. मॅडम नव्हत्या, वाडीला होत्या. मग पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर नळाची पाईपलाईन आमच्या गल्लीत आली आणि टँकर बंद झाला. कायमचा. लोकांनी पेढे वाटले. मॅडमनी पेढा हातात घेतला, नळाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. आणखी एक उन्हाळा काढला असता तर पाण्यासाठी झाड तोडायची गरजच पडली नसती. तेव्हा ते कुणाला माहीत होतं? पण परिणाम पाहायचा म्हटलं की असंच होतं, तो एका दिवशी थांबत नाही, पुढं पुढं सरकत राहतो. आता त्यांच्या बाजूला एकच गोष्ट उरली होती, ते लेकरू. त्या दर दोन वाक्यांनी म्हणायच्या, "पण ती पोरगी आहे. ती तरी आहे."

लांजेवार काका त्याआधीच त्यांच्या मुलीकडे कळमेश्वरला गेले होते. घराला कुलूप.

मी निवृत्त झाले आणि नाशिकला मुलाकडे जायचं ठरलं. संध्याकाळच्या गाडीचं तिकीट होतं. त्या दिवशी सकाळीच मॅडम दारात. "चला, काकांना भेटून येऊ. तुम्ही जाताय तर त्यांनाही बरं वाटेल." सामान बांधून तयार होतं. मी गेले. बेसाहून कळमेश्वर म्हणजे नागपूरच्या या टोकाहून त्या टोकाला, आणि वर आणखी तितकंच. मॅडम ट्रकांच्या मधून स्कूटी काढत राहिल्या.

काका खाटेवर बसले होते. वाळले होते. त्यांची मुलगी माया हिनं पाणी दिलं, चहा ठेवला. मी नाशिकचं सांगितलं, काकांनी नातवंडांची चौकशी केली. पंखा फिरत होता. मॅडम खाटेसमोर वेताच्या मोढ्यावर, हात मांडीखाली दाबून.

"काका," त्या एकदम म्हणाल्या, "नळ आला गल्लीत. टँकर बंद झाला."

"ऐकलं मी."

"म्हणजे पाण्यासाठी तर..." त्यांनी मांडीखालचे हात आणखी दाबले. "पण ती पोरगी आहे, काका. दीपालीची. चालायले लागली. ती तरी आहे ना."

काकांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "नाव काय ठेवलं तिचं?"

मॅडमनी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मला त्यांच्याकडे पाहवेना. वर्षभर त्या पोरीला त्यांनी प्रत्येक बोलण्यात आणलं होतं. दीपालीची पोरगी, ते लेकरू, ती.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"बारसं नाही झालं?"

"झालं. मले बोलावलं होतं. मी वाडीले गेली होती."

काकांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उत्तर ऐकायची वाट पाहत होते, एवढंच. मी न राहवून म्हटलं, "काका, तिचं नाव..."

मॅडमनी माझ्यासमोर हात धरला. "तुम्ही नका सांगू." त्या उठल्या. "मी विचारून येते."

"कुठून?"

"दीपालीकडून."

"अहो मॅडम, बेसाला? परत? फोन लावा ना तिला!"

"फोनवर विचारू? वर्षभर मी तिच्या जिवावर बोलली, अन् आता फोनवर नाव विचारू?" पर्स खांद्याला लागली होती. "तुम्ही एसटीनं जा, बोंडे मॅडम, नाही तर तुमची गाडी चुकंन. मी काकांकडे येते परत. काका, मी आलीच. जागे राह्यजा."

आणि गेल्या. मला नीट निरोपसुद्धा घेता आला नाही. बाहेर स्कूटी दोनदा घुरघुरली आणि सुरू झाली. मी दाराशी आले. सूर्य डोक्यावर आला होता, रस्ता पांढरा पडला होता, एक माणूस दिसत नव्हता. माझ्या मागे खाट करकरली. काका उठून भिंतीला धरत धरत चौकटीपर्यंत आले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले,

"विशाखा! अवं, डोक्याले बांध काही! ऊन पाह्य किती हाय!"

स्कूटी कोपऱ्यावर थांबली. मॅडमनी दोन्ही पाय जमिनीला टेकवले, ओढणी काढली, डोक्याभोवती, तोंडाभोवती घट्ट गुंडाळली, टोक मागे खोचलं. मागे वळून पाहिलं नाही. मग मोठ्या रस्त्याला लागल्या आणि एका ट्रकाआड दिसेनाशा झाल्या.

काका बराच वेळ चौकटीत उभे होते. नाव मला माहीत होतं हे त्यांना कळलं होतं, पण त्यांनी मला विचारलं नाही. आत वळले आणि मुलीला म्हणाले, "माये, संध्याकाळी तिच्याही भाकरी टाकजो. येईल ते."